हाशमच्या तोंडचं वाक्य

हाशम तडवीचा निरोप सकाळी सहालाच फोनवर येऊन पडला होता. हेमांगीनं तो अंथरुणात बसून ऐकला, दात घासताना ऐकला, आणि आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून, आईला ऐकू जाणार नाही इतक्या बारीक आवाजात, तिसऱ्यांदा ऐकत होती.

"ताई, सलाम. उद्याचं पक्कं हाये. तुमी आज चारपर्यंत गावात या, चाल बघून घेतो सगळ्यांची. मुक्काम आपल्याच घरी, माझ्या पोरीच्या, सदफच्या खोलीत. कपडे मातीच्या रंगाचे घाला, नाहीतर शेवाळी. पांढरं नको, लाल नको. बूट नवे नको, पायाच्या ओळखीचे पाहिजेत. मोजे पॅन्टीवरून चढवायचे, गोचीड वर येत नाही मग. डोक्याला तेल नको, अत्तर नको. पाण्याच्या दोन बाटल्या. खायला कोरडं. बोलायचं जे असंल ते आजच बोलून घ्या, उद्या आतमधे बोलनं बंद." मग थोडा वेळ नुसतंच कोंबड्यांचं आरवणं, आणि पुन्हा त्याचा आवाज, जरा खाली आलेला. "आन ताई, नाना गेले तेव्हा मी दारावर आलो नाही, ते मनात ठेवू नका. मले खरंच कळलं नाही."

हे शेवटचं वाक्य आलं की हेमांगीचा अंगठा आपोआप बटणावर जायचा.

नानांना, तिच्या वडिलांना, जाऊन नऊ महिने झाले होते. प्रेमराजनाना वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाले त्या वर्षापासून, म्हणजे पंधरा हिवाळे, दरवर्षी एक दिवस हाशम या वाटाड्याबरोबर यावलच्या वरच्या जंगलात जात. पहाटे शिरायचं, दिवसभर चालायचं, पाणवठ्याजवळ तोंड मिटून बसायचं आणि दिवेलागणीच्या आत बाहेर. घरी आल्यावर आठवडाभर त्यांच्या तोंडी दुसरा विषय नसे. हेमांगी धुळ्याच्या कॉलेजात ग्रंथपाल. "एकदा चल," असं नाना दरवर्षी म्हणत आणि ती दरवर्षी पुढच्या वर्षीवर टाकी. जंगलाबद्दल तिनं पुष्कळ वाचलं होतं. तेवढं पुरे, असं तिला प्रामाणिकपणे वाटायचं.

"झाला का त्याना पाठ?" आई आतून म्हणाली. कोकिळाबाई शिंदखेड्याकडच्या. पन्नास वर्षं वरणगावात काढूनही त्यांच्या जिभेवरची अहिराणी हलली नव्हती. "काय म्हने? लाल नको, पांढरं नको? आमना घरना मानूस नको म्हनं तो, आते कपडासना रंग सांगी राह्यना."

"आई, हळू बोल."

"का हळू? बठ्ठा गावले माहित शे त्यानं बोलनं." पोळपाटावर भाकरी थापल्याचा आवाज जरा जास्तच जोरात आला. "जित्तापने नको म्हने, आते मरावर दया उनी त्याले? आन तू चालनी! वरीस नही सरनं बापले, आन पोर निंघनी जंगल देखाले."

हेमांगीनं फोन बाजूला ठेवला. वर्ष सरलं नाही, हे खरं होतं. दिवाळीला घरात तळण लागलं नव्हतं, दारात पणती एकच. अशा वर्षात मुलगी सहलीला निघाली, तर गल्ली काय म्हणेल हे तिला न सांगताही माहीत होतं. पण त्याची लाज वरवरची होती. खरी लाज आईला माहीत नव्हती. ती फक्त हेमांगीला माहीत होती, आणि उद्या पहाटे जंगलात शिरायच्या आत ती हाशमला सांगायची, असं तिनं ठरवलं होतं. कशी, ते ठरत नव्हतं.

झालं होतं ते असं. मागच्या नोव्हेंबरात नानांना जिना चढताना धाप लागायला लागली. भुसावळच्या डॉक्टरांनी हृदयाचे फोटो काढले आणि स्पष्ट सांगितलं, चढ नाही, ओझं नाही, दगदग नाही. नानांनी मान डोलावली आणि घरी येऊन डिसेंबरच्या तयारीला लागले. कॅनव्हासचे बूट उन्हात ठेवले. हेमांगी सुट्टीला आलेली, तिनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं. नाना म्हणाले, "हाशम हाये ना. तो मले बराबर नेतो." डॉक्टरांपेक्षा, मुलीपेक्षा, बायकोपेक्षा त्यांचा त्या माणसावर भरवसा. तेव्हा तिच्या मनात आलं, नाना एकाच माणसाचं ऐकतील.

नानांना दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं, म्हणून फोनवरचे निरोप घरातलं दुसरं कोणीतरी घ्यायचं. एका दुपारी ती फोन हातात घेऊनच ओसरीवर आली आणि म्हणाली, "नाना, हाशमभाऊंचा फोन होता. यंदा तुम्हाला आणू नका म्हणाले."

"काब्रं?" त्यांनी कारण विचारलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. जबाबदारी घेता येत नाही म्हणाले, असं सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण नानांच्या चेहऱ्यावर अविश्वास दिसला, आणि हेमांगीला एक वाक्य सुचलं. आयुष्यभर पुस्तकं वाचत आलेल्या माणसाला वाक्य सुचायला वेळ लागत नाही. शेतकऱ्याच्या तोंडी शोभेल असं, खोटं वाटणार नाही असं.

"म्हणाले, ताई, माझ्या रांगेत आता म्हातारा बैल नको."

वाक्य बसलं. ते बसलेलं तिला दिसलं, आणि खोटं का सांगायचं, क्षणभर तिला त्याचं समाधानही वाटलं.

नानांनी अंगणातल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "बराबर हाये त्याचं." उठले, उन्हातले बूट आत नेऊन ठेवले.

त्यानंतर हाशमचे फोन आले, ते त्यांनी वाजू दिले, कोणाला उचलू दिले नाहीत. जानेवारीत एकदा हाशमनं हेमांगीला फोन केला. नानांची तब्येत बरी नाही, नंतर बोलू, असं म्हणून तिनं ठेवून दिला. फेब्रुवारीच्या शेवटी नाना गेले, घरातच, दुपारच्या झोपेत. गंधमुक्तीचा, म्हणजे सुतक फिटतं त्या दिवसाचा निरोप हेमांगीनंच लिहिला आणि नानांच्या फोनमधून एकेका नावाला पाठवला. 'हाशम जंगल' या नावाशी आल्यावर ती थांबली आणि पुढच्या नावावर गेली. खानदेशात माणूस गेल्याचं कळूनही दारावर न येणं हा जसा अपमान, तसा कळवायच्या माणसाला न कळवणं हाही. तिनं तो जाणूनबुजून केला. हाशम दारात येऊन बसला असता, आणि कोणीतरी त्याला विचारलं असतं.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. यावलच्या बाजारात वरणगावचा कोणी भेटला, त्याच्याकडून त्याला कळलं होतं. तो माफी मागत होता. ज्याचा अपराध केला तोच माफी मागतो आहे, आणि आपण "असू द्या, असू द्या" म्हणतो आहोत, हे ऐकताना हेमांगीचे कान तापले. शेवटी तो म्हणाला, "ताई, नाना ज्या जागी बसायचे ती जागा तुमाले दाखवतो. एक दिवस या." तिला नाही म्हणता आलं नाही.

कोकिळाबाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या चार भाकरी, तिळाची चटणी आणि कोरडा ठेचा फडक्यात बांधून ओट्यावर आपटला. "हाई तुना पुरतं शे. त्याना घरनं पानीबी नको पिऊ."

"मुक्काम तिथं आहे आई."

"मंग तिसना घरनं पानी उन्हं करीसन पी," आई म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर तिला जरा हसू आलं. ते दाबायला ती पाठ करून उभी राहिली.

हेमांगी बॅग घेऊन फाटकाशी आली, तर रुपचंदकाका उभे. नानांबरोबर एकाच खात्यात नोकरी केलेले, पहाटफेरीच्या मंडळींतले म्होरके. हिवाळ्यात हाशमबरोबर जाणाऱ्या आठ जणांची वर्गणी आणि यादी त्यांच्याकडेच असायची.

"काय वं पोरी, हे बूटबीट घालून? फौजेत भरती झाली का?"

"यावलला चालले आहे काका."

"हाशमकडं?" त्यांचं हसू मावळलं. "कोकिळावहिनी म्हटल्या होत्या, मले खोटं वाटलं. अगं, त्या माणसानं तुझ्या बापाला काय म्हटलं, माहीत नाही का तुले?"

हेमांगीला वाटलं, आत्ता इथे, फाटकाच्या या बाजूला उभी राहून सांगून टाकावं. ती नुसतीच फाटकाची कडी लावत राहिली.

"म्हने, म्हातारे बैल आता खाटकाकडंच पाठवा, माझ्या रांगेत नको," रुपचंदकाका म्हणाले. "प्रेमराजनंच सांगितलं मले. म्हनजे, खाटकाचं नव्हतं सांगितलं त्यानं, ते मागून कोनी जोडलं असंल. पन बैल म्हटला हे खरं. आमी आठच्या आठ जनांनी त्या दिवशी ठरवलं, त्या तडव्याचं तोंड पाहायचं नाही. यंदा रावेरकडच्या एका पोराबरोबर जाऊन आलो. त्याला पक्षी कळत नाही काही. कावळा दाखवून भारद्वाज म्हनतो. पन मानूस गोड."

"काका, हाशमभाऊ तसे..."

"तू सज्जन हायेस. बापासारखी. जा. पन आमच्याकडून त्याला एक सांग, वरणगावचे म्हातारे बैल अजून चालतात म्हना!"

खांद्यावर थोपटून ते हसत पुढं गेले. हेमांगी बसथांब्यापर्यंत कशी आली हे तिला आठवेना. तिनं बनवलेलं वाक्य गावभर हिंडून, शिंगं फुटून तिच्यासमोर येऊन उभं राहिलं होतं. खाटीक कोणी जोडला, कोण जाणे. पण ज्या माणसाच्या तोंडी तो बसवला, त्याचं नाव काय आणि जात काय हे पाहूनच बसवला असणार. तिनं फक्त बैल दिला होता. पुढचं गावानं आपल्या मनानं भरलं.

भुसावळला बस बदलून ती यावलला उतरली, तेव्हा तीन वाजून गेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधूनमधून घड भरायला उभे असलेले ट्रक. यावलहून वर हाशमच्या गावाकडे काळीपिवळी मिळाली. सातपुड्याची रांग जवळ येत गेली तशी हेमांगी मनात वाक्यं जुळवत होती. 'हाशमभाऊ, मला तुम्हाला काही सांगायचं आहे.' नको. 'मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली.' चूक कसली. चूक हातून होते, हे तोंडातून झालं. प्रत्येक वाक्य तयार होई आणि त्याचा चांगुलपणाच तिला किळसवाणा वाटे. तिनं जुळवणं सोडून दिलं.

हाशम वेशीवरच उभा होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मळका रुमाल. त्याला पाहून तिच्या लक्षात आलं, की पंधरा वर्षं नाव ऐकलं असूनही आपण या माणसाला पहिल्यांदाच पाहतो आहोत. त्यानं दोन्ही हात जोडले आणि काही न बोलता तिची बॅग घेतली. थोडं चालल्यावर म्हणाला, "आईले आनलं असतं तर बरं झालं असतं."

"तिला... जमलं नाही."

"हो. वरीसही सरलं नाही अजून. समजतो मी."

अंगणात जळगावचं एक जोडपं आधीच येऊन बसलं होतं, दोघंही दातांचे डॉक्टर. नवऱ्याच्या गळ्यात चामड्याच्या डबीतली दुर्बीण, अंगात कोरा करकरीत शिकारी थाटाचा सदरा. हाशमची मुलगी सदफ चहा देत होती. बावीस-तेवीसची, यावलच्या कॉलेजात शिकलेली आणि आता बापाबरोबर गाईडचं काम करणारी. तिनं डॉक्टरांच्या सदऱ्याकडे पाहिलं आणि सरळ सांगितलं, "सर, हा उद्या धुऊन, पिळून, ओलाच घाला. कोऱ्या कापडाचा वास सांबराला अर्ध्या मैलावरून येतो."

"अगं, सत्तावीसशेचा आहे!"

"सांबराला किंमत कळत नाही ना सर."

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या. "मी घरीच सांगत होते."

मग चाल बघायचा कार्यक्रम झाला. ही हाशमची रीत. केळीच्या बागेच्या बांधावर वाळलेली पानं पसरायची, आणि एकेकानं त्यावरून जायचं. हाशम त्यांच्याकडे पाठ करून, डोळे मिटून बसायचा. पावलांच्या आवाजावरून दुसऱ्या दिवशीची रांग लावायचा. कोण पुढं, कोण मागं, कोणाजवळ सदफ, कोणाजवळ तो स्वतः. डॉक्टर चालून गेल्यावर तो म्हणाला, "डावा गुडघा दुखतो. सांगितला का नाही?" डॉक्टर चकित. "आन तुमी पाय घासत चालता. तुमी माझ्या मागं."

हेमांगी चालू लागली. पानं कुरकुरत होती. ती शेवटापर्यंत गेली, वळली. हाशम डोळे उघडून उठून उभा राहिला होता.

"नानांचीच चाल," तो म्हणाला. "टाच आधी, मग जरा थांबून बोटं. ताई, मले कोनी सांगितलं नसतं ना, तर मी फसलो असतो."

तिनं मान खाली घातली.

"या, एक गोष्ट दाखवतो तुमाले." डॉक्टर मंडळींना सदफच्या हवाली करून तो तिला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथं गोठ्याशेजारी एक लहान बैलगाडी उभी होती. गाडीत मागच्या बाजूला बांबूची टेकण बांधलेली, तिला गोधडीचा तुकडा शिवलेला.

"ही नानांसाठी केली होती. मागच्या साली." हाशम टेकणीवरची धूळ हातानं झाडत होता. "नोव्हेंबरात नानांनी मले पत्र लिहिलं होतं. फोनवर त्यांना जमत नाही ना. लिहिलं, हाशम, डॉक्टर चढू नको म्हनतो, तू काय म्हनतोस. मी म्हटलं, चढायचं कसाले? नाल्याच्या कडेनं जुनी गाडीवाट हाये, बांबू आनायचे त्या काळातली. सपाट. पाणवठ्याच्या अलीकडं थेट जाते. जंगलखात्याच्या बीटगार्डसाहेबाला विचारून आलो, परवानगी काढली. मंग गाडी हलकी केली. आन बैल हे." त्यानं गोठ्याकडे बोट दाखवलं. दोन बैल बसून रवंथ करत होते, पाठीचे मणके वर आलेले, एकाच्या शिंगाचं टोक तुटलेलं. "लोक म्हनत, म्हातारे झाले, काढून टाक. मी नाही काढले. नानांसाठी हेच चांगले होते. तरने बैल धक्का देतात. हे काय, पाळण्यासारखे चालतात. हे सांगायलेच फोन करत होतो मी. नाना काही उचलत नव्हते. मंग वाटलं, तब्येत जास्त हाये."

हेमांगीनं गाडीचा कठडा धरला. दिवस कलायला लागला होता. डोंगराची सावली बागेवर उतरत होती आणि अंगणातून डॉक्टरांचं हसणं ऐकू येत होतं. नाना या गाडीत बसून जंगलात गेले असते. भुसावळच्या डॉक्टरांचा शब्द मोडला नसता, कोणाला खोटं बोलावं लागलं नसतं. तिनं त्यांना वाचवलं, ही तिची शेवटची सबब होती. नऊ महिने ती तेवढ्यावर रात्री झोपत होती. तीही गेली.

"हाशमभाऊ," ती म्हणाली, "नानांना मी सांगितलं की तुमचा फोन आला होता. तुम्ही नको म्हणालात, असं मी सांगितलं. तुमचा फोन आलाच नव्हता."

तो तिच्याकडे पाहत राहिला.

"डॉक्टर नको म्हणत होते आणि ते ऐकत नव्हते. तुमचं ऐकतील म्हणून तुमचं नाव घेतलं. आणि नुसतं नाही म्हणाले असं नाही सांगितलं. मी म्हटलं, तुम्ही म्हणालात, की माझ्या रांगेत आता म्हातारा बैल नको."

"मी?"

"मी म्हटलं. तुमच्या तोंडी घातलं. म्हणून त्यांनी तुमचे फोन घेतले नाहीत. म्हणून वरणगावची मंडळी तुमच्याकडे आली नाही. गंधमुक्तीचा निरोपही मीच दिला नाही तुम्हाला. विसरून नाही. तुमच्या नावाशी थांबून, पुढं गेले."

हाशमनं गाडीच्या चाकावर हात ठेवला. रागावेल, ओरडेल, जा म्हणेल असं हेमांगीला वाटत होतं, आणि त्यानं तसं करावं असंही वाटत होतं. तिला सुटका हवी होती.

"नाना काय म्हटले?" त्यानं शेवटी विचारलं.

"काय?"

"तुमी असं सांगितलं, तेव्हा नाना काय म्हटले?"

हे तिनं धरलं नव्हतं. खोटं बोलायची इच्छा पुन्हा तोंडाशी आली, अगदी तयार, चांगलं वाक्य घेऊन. नानांना खरं वाटलं नाही म्हणावं. हाशम असं बोलणार नाही, असं म्हणाले म्हणावं. तिनं ते गिळलं.

"म्हणाले, बरोबर आहे त्याचं."

हाशमनं मान हलवली. पुन्हा हलवली. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते तिला पाहवेना, पण तिनं डोळे वळवले नाहीत. तेवढा अधिकार आता आपल्याला नाही असं तिला वाटलं.

"म्हनजे त्यांनी मानलं," तो म्हणाला. "पंधरा सालं माझ्या मागं चालले. माझ्या घरी जेवले. आन मानलं." त्याचा आवाज चढला नव्हता. "ताई, आजपर्यंत मले वाटत होतं, आजारानं नाना बोलले नाही. बरं होतं ते."

आपण त्याला खरं देऊन त्याच्याकडचं काहीतरी काढून घेतलं, हे हेमांगीला तेव्हा कळलं. ती नऊ महिने स्वतःच्या लाजेशी झगडत होती. सांगितलं की ओझं उतरेल, असं तिनं गृहीत धरलं होतं. ओझं उतरलं नव्हतं. अर्धं त्याच्या डोक्यावर गेलं होतं.

"त्यांची चूक नाही. मी बोललेच तसं. खरं वाटावं म्हणूनच तसं बोलले."

"हो. तुमी शिकलेल्या." त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. तो बैलांकडे पाहत म्हणाला, "बैल. वरणगावचे लोक बाजारात मले पाहून तोंड फिरवतात, मी घरी येऊन विचार करायचो, माझं काय चुकलं. सदफ म्हने, अब्बा, तुमी कोनाला काही बोलले का. मी म्हटलं, मी कशाला बोलू."

अंगणातून सदफनं हाक मारली, "अब्बा, सर विचारतायत, अस्वल आलं तर काय करायचं?"

"सांग, डॉक्टर हाये म्हना त्याला, दात दाखवंल," हाशम सवयीनं ओरडला. तिकडे हशा पिकला. तो हेमांगीकडे वळला, तेव्हा त्याच्या तोंडावर हसूचा लवलेशही नव्हता.

"मी तुम्हाला माफ करा म्हणणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल तर मी आत्ताच निघते. यावलहून बस मिळेल."

"बसचं काय सांगता, ताई. बस जाईल तुमची, मी इथंच हाये." तो पहिल्यांदाच जरा तीक्ष्ण बोलला. "मी वरणगावात जाऊन सांगितलं, की मी असं बोललो नाही, तर कोन ऐकंल माझं? म्हनतील, आता सारवासारव करतो. हे तुमी सांगायचं. आन उद्या नाही. उद्याचं उद्या पाहू. आत्ता. माझ्यासमोर."

हेमांगीनं फोन काढला. रुपचंदकाकांचा नंबर समोर आला, पण तिनं आधी आईचा लावला. गंधमुक्तीच्या दिवशी दारावर आलेल्या प्रत्येक बाईजवळ आईनं हाशमचं नाव काढलं होतं, ते हेमांगीनं शेजारी बसून ऐकलं होतं, आणि एकदाही तिला थांबवलं नव्हतं. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि कठड्यावर ठेवला.

"पोचनी का?" आईचा आवाज गोठ्यात घुमला. "जेवनी का? त्यानाकडनं काही खाऊ नको, मी तुले..."

"आई, ऐक. हाशमभाऊ इथंच आहेत, ते ऐकतायत. नानांना ते काही बोलले नव्हते. त्यांचा फोन आला नव्हता. बैलाचं ते मी बोलले होते. माझ्या मनानं."

पलीकडून आईच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

"आई?"

"तू?"

"हो. मी."

"तुना बापले तू बैल म्हनी?"

हेमांगीनं आजवर ते वाक्य हाशमवर रचलेलं खोटं म्हणून मोजलं होतं. आपण बापाला तोंडावर ते म्हटलं, हे तिनं कधी त्या बाजूनं पाहिलंच नव्हतं.

"मी गंधमुक्तीले बठ्ठासले सांगेल शे," कोकिळाबाई म्हणाल्या. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "आक्कासले, भिकुबाईले, खालना आळीले. मानूस वर जायेल, आन मी त्याना दारमा बसीसन एक गरीबना नावनं बोटं मोडनू. आते मी कोनकोनले सांगू वं?"

"तू नको सांगू. मी सांगेन, आई. प्रत्येकाला."

"तू सांगशीच," आई म्हणाली. "तुले सांगता येस."

फोन बंद झाला. हाशम गाडीच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. कोकिळाबाईंच्या रडवेल्या आवाजानं तो जरा मऊ झाला असेल असं हेमांगीला वाटलं, पण त्याच्या तोंडाकडे पाहून तसं काही ठरवता येईना. अंगणात सदफ डॉक्टरांना मोजे पॅन्टीवरून कसे चढवायचे ते शिकवत होती.

"आता रुपचंदभाऊ," हाशम म्हणाला.

हेमांगीनं नंबर लावला.